वापरलेल्या रिकंबंट ट्राइकची रास्त किंमत कशी ठरवावी

रेलून बसून आणि पाय पुढे पसरून चालवायची तीनचाकी सायकल, म्हणजे रिकंबंट ट्राइक, विकायला काढली की मागायचे किती हा प्रश्न सर्वांत आधी उभा राहतो. मोटारीचा किंवा फोनचा जुन्या बाजारातील भाव चार ठिकाणी चौकशी केली की कळतो. ट्राइकचा तसा कळत नाही, कारण हा बाजार मुळात फार लहान आहे. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने १९३४ साली रिकंबंट सायकलींना शर्यतींतून बाहेर ठेवले. त्यानंतर मोठ्या कंपन्या या प्रकाराकडे फारशा वळल्या नाहीत आणि आजही त्या मुख्यतः छोट्या, जाणकार कारखान्यांतच तयार होतात. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या फालमथ गावची आइस, जर्मनीत फ्रँकफर्टजवळच्या क्रिफ्टेलची एचपी वेलोटेक्निक, अमेरिकेत फ्लोरिडाची कॅट्राइक आणि मिशिगनची टेराट्राइक ही त्यांतील ठळक नावे.

हा लेख अमेरिकेतील विक्रेत्याला समोर ठेवून लिहिला आहे, कारण तिथे जुन्या ट्राइकची खरेदी-विक्री नियमित होते आणि गुडघे, कंबर किंवा तोल यांच्या तक्रारींमुळे दोनचाकी सोडावी लागलेले अनेकजण, त्यांत आपली मराठी मंडळीही आली, जुनी ट्राइक शोधत असतात. रास्त किंमत म्हणजे मधला कुठला तरी गोल आकडा, असे समजू नये. जिच्यातील प्रत्येक वाढ आणि प्रत्येक वजावट ट्राइकवर बोट ठेवून खरेदीदाराला दाखवता येते, ती किंमत रास्त. पुढील पायऱ्या त्या दृष्टीने दिल्या आहेत.

आधी वस्तू नेमकी ओळखावी

चौकटीवरचा क्रमांक, मॉडेलचे नाव आणि निर्मितीचे वर्ष कागदावर लिहून काढावे. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये वर्षागणिक ब्रेक, गिअर आणि सीट बदललेली असते, त्यामुळे केवळ नावावरून भाव काढल्यास तो चुकतो. पुढे दोन चाके आणि मागे एक असेल तर ती टॅडपोल. पुढे एक आणि मागे दोन असतील तर डेल्टा. ट्राइक घडी होते का, सस्पेन्शन आहे का, मागचे चाक २० इंची आहे, २६ इंची आहे की ७००सी, म्हणजे रोड सायकलीच्या मोठ्या मापाचे, याचीही नोंद करावी.

सीटची जमिनीपासूनची उंची टेपने मोजून लिहावी, ही सूचना अनेकांना अनावश्यक वाटेल. प्रत्यक्षात ट्राइक कोण विकत घेणार हे बऱ्याच अंशी त्या उंचीवरच ठरते. कॅट्राइक ७०० सारखी बुटकी, मागे खूप रेललेली ट्राइक वेगाची आवड असलेल्या थोड्या लोकांना हवी असते. कॅट्राइक व्हिलेजर किंवा टेराट्राइक रोव्हर यांसारख्या उंच सीटच्या ट्राइकवरून साठी ओलांडलेल्या माणसाला आधाराशिवाय उठता येते आणि असे खरेदीदार संख्येने जास्त असतात. महागडी, वेगवान ट्राइक महिनोन् महिने पडून राहते आणि साधी, उंच ट्राइक आठवड्यात जाते, याचे कारण बहुधा एवढेच असते.

आजची नवी किंमत हा पाया

तुम्ही ट्राइक कितीला घेतली होती हा आकडा बाजूला ठेवावा. खरेदीदाराच्या समोर दोनच पर्याय असतात: तुमची ट्राइक घेणे किंवा आज दुकानात जाऊन नवी घेणे. म्हणून त्याच मॉडेलची किंवा ते बंद झाले असल्यास त्याच्या जागी आलेल्या मॉडेलची आजची किंमत, मूळ सामानासह, विक्रेत्याकडून विचारून घ्यावी. राज्याचा विक्रीकर आणि दुकानदाराचा जुळणीचा खर्च नव्या ट्राइकवर लागतो, तोही धरावा.

या पायावर घट किती धरायची याचे पक्के कोष्टक नाही. माझा अंदाज साधारण असा असतो: पहिल्या वर्षानंतर नव्या किमतीच्या तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के, पाच-सहा वर्षांनंतर निम्मी किंवा त्याहून थोडी अधिक. त्यापुढे मात्र घसरण मंदावते, कारण चांगल्या बनावटीची चौकट दीर्घकाळ टिकते आणि झिजणारे बहुतेक भाग साध्या सायकलीचेच असल्याने ते बदलता येतात. हा अंदाज केवळ सुरुवातीसाठी आहे. बाजार पाहिल्यावर त्यात बदल करावाच लागतो.

बाजार पाहताना घ्यायची काळजी

क्रेगलिस्ट आणि फेसबुक मार्केटप्लेस यांवर आपल्या मॉडेलच्या किंवा त्याच दर्जाच्या ट्राइकच्या जाहिराती शोधाव्यात आणि शोध आपल्या गावापुरता न ठेवता आजूबाजूच्या राज्यांपर्यंत न्यावा. प्रत्येक जाहिरातीतील वर्ष, मागितलेली किंमत, सोबतचे सामान आणि जाहिरात टाकल्याची तारीख लिहून ठेवावी. तीन-चार आठवड्यांनी त्याच जाहिराती पुन्हा पाहाव्यात. लवकर नाहीशी झालेली जाहिरात बहुधा विकली गेलेल्या ट्राइकची असते. तीन महिने तशीच राहिलेली जाहिरात त्या किमतीला ट्राइक विकली जात नाही एवढेच सांगते, आणि नेमकी हीच किंमत पाहून अनेक विक्रेते आपली किंमत ठरवतात.

जुन्या जाहिरातींचे साल अवश्य पाहावे. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या साथीमुळे सायकलींची मागणी वाढली, पुरवठा तुटला आणि वापरलेल्या मालाचे भाव चढले. त्या काळातील आकड्यांना आजच्या हिशेबात स्थान नाही.

प्रत्यक्ष तपासणी

रास्त किमतीचा खरा निर्णय इथे होतो, म्हणून या पायरीला एक सबंध दुपार द्यावी. ट्राइक आधी धुवून कोरडी करावी, कारण मळाखाली तडा दिसत नाही.

चौकटीपासून सुरुवात करावी. आडवी नळी मुख्य नळीला जिथे जोडली आहे तिथला सांधा, पेडलचा पुढचा दांडा म्हणजे बूम जिथे आवळला जातो ती जागा आणि सीट बसवण्याचे कोपरे बॅटरीच्या उजेडात पाहावेत. रंगावर केसासारखी रेघ दिसली तर नखाने चाचपून ती रंगापुरतीच आहे की धातूत गेली आहे हे पाहावे आणि शंका राहिल्यास जाणकार मेकॅनिककडून खात्री करून घ्यावी. आइसच्या ट्राइक क्रोमोली पोलादाच्या असतात, तर कॅट्राइकची चौकट ॲल्युमिनियमची असते. पोलादाची दुरुस्ती चांगला वेल्डर करू शकतो. ॲल्युमिनियमला तडा गेला असेल तर ती ट्राइक चालवण्यासाठी विकूच नये, सुट्या भागांसाठी विकावी आणि तसे स्पष्ट लिहावे. त्या चौकटीवर कोणीतरी भरधाव उतरणीवर बसणार आहे.

यानंतर पुढची चाके. दोनचाकी वळताना झुकते, ट्राइक झुकत नाही, त्यामुळे वळणावरचा आडवा ताण सगळा चाकांच्या आऱ्यांवर येतो. प्रत्येक चाकाच्या शेजारशेजारच्या आऱ्या जोडीने चिमटीत धरून दाबून पाहाव्यात. एखादी ढिली लागली तर चाक सरळ करून घेण्याचा खर्च हिशेबात धरावा. मग चाक वरून धरून आत-बाहेर हलवावे. खटखट जाणवली तर बेअरिंगमध्ये किंवा स्टिअरिंगच्या सांध्यात ढिलाई आहे.

टायर नुसते जुने-नवे म्हणून पाहू नयेत. पुढच्या टायरच्या पृष्ठभागावरून तळहात एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने खरखरीत लागले तर चाकांची समांतरता बिघडली आहे. ती मोजण्यासाठी दोन्ही पुढच्या चाकांच्या रिममधील अंतर, आसाच्या उंचीवर, एकदा पुढच्या कडेला आणि एकदा मागच्या कडेला घ्यावे. बहुतेक टॅडपोल ट्राइकमध्ये पुढचे अंतर मागच्याइतकेच किंवा एक-दोन मिलिमीटर कमी असावे लागते. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत पाहावा. फरक जास्त असेल तर ट्राइक रस्त्यावर टायर घासत चालते आणि नवे टायरही थोड्याच दिवसांत संपतात. स्टिअरिंगचा जोडदांडा फिरवून ही दुरुस्ती बहुधा घरीच, एक पैसाही खर्च न करता होते, म्हणून विकण्याआधी ती करूनच घ्यावी.

चेनची झीज मोजायला पोलादी पट्टी पुरते. ताणून धरलेल्या चेनच्या एका पिनेच्या मध्यावर शून्याची खूण ठेवावी. चेन नवी असेल तर बरोबर १२ इंचांवर दुसऱ्या पिनेचा मध्य येतो. तो इंचाच्या सोळाव्या भागाने पुढे सरकला असेल तर चेन बदलायला झाली आहे, आणि आठव्या भागाने सरकला असेल तर मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरील दातेरी चकत्यांचा संच, तोही तिच्यासोबत झिजला आहे असे धरावे. ट्राइकची चेन साध्या सायकलीच्या अडीच ते तीन पट लांब असते. त्यामुळे ती सावकाश झिजते, पण बदलताना मात्र दोन किंवा तीन चेन जोडाव्या लागतात. खरेदीदाराला हे ठाऊक असते, म्हणून तुमच्या हिशेबातही ते असावे. चेन ज्या चाकावरून वळते तो आयडलर आणि चेनच्या नळ्याही त्याच वेळी पाहाव्यात.

ब्रेक मोकळ्या, सपाट जागेत एकेक करून तपासावेत. टॅडपोलमध्ये डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक सहसा वेगळ्या लिव्हरवर असतात. एका बाजूची पकड दुसरीपेक्षा कमी असेल तर पॅड किंवा केबल बदलण्याची वेळ आली आहे. सीटची जाळी उन्हाने कमकुवत होते. शिवणीचा दोरा बोटाने ओढून पाहावा. गिअरच्या बाबतीत एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. स्रॅम कंपनीचा ड्युअलड्राइव्ह हब, म्हणजे आतच गिअर असलेला मागच्या चाकाचा मधला भाग, आता तयार होत नाही, त्यामुळे तो बसवलेली ट्राइक उत्तम चालत असली तरी पुढे सुटे भाग मिळण्याची अडचण किमतीत उतरते. उलट १४ गिअरचा रोहलोफ हब असेल आणि तेल वेळेवर बदलल्याची नोंद असेल, तर तो एकटाच अनेक जुन्या ट्राइकच्या निम्म्या मोलाचा ठरू शकतो. अशा वेळी हब वेगळा विकून साधे चाक बसवलेली ट्राइक वेगळी विकल्यास अधिक पैसे येतात का, हे आधी तपासून पाहावे.

सोबतचे सामान

कॅरिअर, आरसे, मडगार्ड, झेंडा, दिवे, बॅगा यांवर केलेला खर्च पूर्ण परत मिळत नाही. नव्याच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्शाएवढी भर धरावी आणि ज्या गोष्टी दुसऱ्या ट्राइकला बसत नाहीत त्यांची वेगळी किंमत लावू नये. मानेचा आधार आणि घोट्याला आधार देणारी पेडले यांची गरज असलेला खरेदीदार मात्र त्यांची पूर्ण कदर करतो. पाय किंवा हात नीट चालत नसलेल्या माणसाला त्या वस्तूंमुळेच ट्राइक चालवता येते.

मोटार आणि बॅटरी

विजेची जोड असलेल्या ट्राइकचा हिशेब दोन भागांत करावा: ट्राइकचा वेगळा, मोटार-बॅटरीचा वेगळा. लिथियम बॅटरी न वापरताही जुनी होते, म्हणून तिचे वय किलोमीटरांत न मोजता निर्मितीच्या तारखेपासून मोजावे. पूर्ण चार्ज करून ती प्रत्यक्षात किती अंतर जाते ते मोजावे आणि तो आकडा जाहिरातीत लिहावा. पाच वर्षांच्या पुढची बॅटरी मी शून्य मोलाची धरतो आणि चालत असेल तर खरेदीदाराला वरकड लाभ समजतो.

बॅटरीवर मान्यताप्राप्त प्रमाणन आहे का हेही पाहावे. आगीच्या दुर्घटनांनंतर न्यूयॉर्क शहराने सप्टेंबर २०२३ पासून प्रमाणित नसलेल्या ई-बाइक आणि त्यांच्या बॅटऱ्या विकण्यास मनाई केली आहे. कोणी घरी जुळवलेली, कुठलेही नाव नसलेली बॅटरी असेल तर ती काढून, योग्य संकलन केंद्रात देऊन, ट्राइक बॅटरीविना विकावी. त्यात काही पैसे जातील, पण दुसऱ्याच्या घरात आगीचा धोका पाठवला जाणार नाही.

आकडेमोड

हिशेब कसा दिसतो हे कळावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेतो. सहा वर्षांची टॅडपोल आहे आणि तशा नव्या ट्राइकची आजची किंमत ३,५०० डॉलर आहे. ५५ टक्के धरल्यास १,९२५ डॉलर येतात. बाजारात तीन जाहिराती सापडल्या: २,२०० डॉलरची तीन महिने पडून आहे, १,९५० आणि १,८०० डॉलरच्या दोन्ही महिन्याच्या आत गेल्या. म्हणून चांगल्या अवस्थेतील ट्राइकची पायाभूत किंमत १,९०० डॉलर धरू. सोबत ४०० डॉलरचे सामान आहे, त्याचे १२० मिळवू. पुढचे दोन टायर संपले आहेत, त्यांचे ९० डॉलर. तीन चेन ७५, कॅसेट ४५ आणि मजुरी ८० मिळून २०० डॉलर. १,९०० अधिक १२० वजा २९० म्हणजे १,७३० डॉलर. बोलणीसाठी सहा-सात टक्के जागा ठेवून १,८५० मागावेत आणि १,६५० च्या खाली जायचे नाही असे आधीच ठरवावे.

दुसरा मार्ग म्हणजे टायर आणि चेन स्वतः बदलून पायाभूत किंमत आणि सामान मिळून होणारे २,०२० डॉलर पूर्ण मागणे. पहिल्यांदाच ट्राइक घेणारा वयस्कर माणूस दुरुस्तीच्या कटकटीत पडू इच्छित नाही, आणि ट्राइक हाताळणारे दुकान त्याच्या गावात नसण्याचीच शक्यता अधिक. त्यामुळे ज्या दुरुस्त्या तुम्हाला घरी जमतात त्या कराव्यात. ज्या जमत नाहीत त्यांचा खर्च दुकानाकडून लेखी घेऊन तेवढा वजा करावा आणि तो कागद खरेदीदाराला दाखवावा.

जागा आणि ऋतू

ट्राइक पाठवणे कठीण असते. तिचा आकार साध्या सायकलीच्या खोक्यात मावत नाही, सुटी करून बांधण्यास अनुभव लागतो आणि वाहतुकीला काहीशे डॉलर पडू शकतात. बॅटरी असेल तर लिथियमच्या वाहतुकीचे नियम आणखी आड येतात. म्हणून किंमत प्रामुख्याने गाडीने येऊन नेता येईल एवढ्या टापूतील खरेदीदारावर ठरते. मिसूरीतील सुमारे २४० मैलांचा केटी ट्रेल किंवा पिट्सबर्गहून कंबरलंडपर्यंत जाणारा १५० मैलांचा ग्रेट ॲलेघेनी पॅसेज यांसारख्या, जुन्या रेल्वेमार्गावर केलेल्या सपाट वाटांच्या आसपास ट्राइकना चांगली मागणी असते. या दोन वाटा मुख्यतः बारीक खडीच्या असल्याने तिथे रुंद टायरची ट्राइक अधिक पसंत पडते. मिनेसोटासारख्या थंड राज्यात जानेवारीत विकण्याऐवजी एप्रिलपर्यंत थांबावे. फ्लोरिडा किंवा ॲरिझोनात हिवाळ्यातच गिऱ्हाईक असते.

कायमचे भारतात परतणाऱ्या कुटुंबांना थांबता येत नाही. त्यांनी तिकीट काढण्याच्या आधीच, निघण्यापूर्वी निदान दोन-तीन महिने, जाहिरात द्यावी. शेवटच्या आठवड्यातील किंमत ट्राइकचे मोल पाहत नाही, ती तुमच्या अडचणीवर ठरते आणि बोलणी करणाऱ्याला ती अडचण लगेच कळते.

जाहिरात, बोलणी आणि हस्तांतर

जाहिरातीत वर्ष, सीटची उंची, वजनाची मर्यादा, बूम किंवा सीट सरकवून कोणत्या उंचीच्या माणसाला ती बसते आणि तपासणीत आढळलेला प्रत्येक दोष लिहावा. टायर, चेन आणि आडव्या नळीचे सांधे यांची जवळून घेतलेली छायाचित्रे द्यावीत. दोष आधीच लिहिलेला असला की त्यावर पुन्हा घासाघीस होत नाही, कारण त्याची वजावट किमतीत झालेली असते.

तीन आठवड्यांत चौकशीच आली नाही तर किंमत जास्त आहे. पाच-सात टक्के कमी करावी. चौकशी येते पण पाहायला कोणी येत नाही, तर माहिती किंवा छायाचित्रे अपुरी आहेत. पाहून माणसे परत जातात, तर ट्राइकमध्ये असे काहीतरी आहे जे जाहिरातीत नव्हते. ते शोधून दुरुस्त करावे किंवा लिहावे.

महाराष्ट्र मंडळाच्या ओळखीतून गिऱ्हाईक आले तर अवघडलेपण येते. ‘तुम्ही द्याल ते’ असे म्हणू नये. त्यात देणाऱ्याला कमी दिल्याचा आणि घेणाऱ्याला जास्त घेतल्याचा संशय राहतो. काका, वहिनी जे कोणी असतील त्यांच्यापुढे हिशेबाचा कागद ठेवावा, बोलणीसाठी धरलेली वाढ स्वतःहून काढून टाकावी आणि १,७३० सारखा मूळ आकडा सांगावा. ओळखीची सवलत एवढीच असावी. सौदा ठरल्यावर मात्र ओळखीच्या माणसालाही चालवून पाहण्याचा आग्रह करावा, कारण रेलून बसण्याची सवय नसलेल्याला ही ट्राइक आपल्याला झेपते का हे बसल्याशिवाय समजत नाही.

पैसे घेताना चौकट क्रमांक, तारीख, रक्कम आणि ‘आहे त्या स्थितीत’ हा शेरा असलेली पावती दोन्ही बाजूंच्या सहीने करावी. मूळ खरेदीची पावती असल्यास तिची प्रत जोडावी. चौकटीची हमी अनेक कंपन्या पहिल्या मालकापुरतीच देतात, हे तोंडी सांगून पावतीतही नमूद करावे. खरेदीदाराची उंची तुमच्यापेक्षा वेगळी असेल आणि ट्राइक बूम सरकवून जुळवण्याची असेल, तर चेन कमी-जास्त करावी लागते. टेराट्राइक रोव्हरसारखी सीट सरकवायची ट्राइक असल्यास हा प्रश्न येत नाही. बूमच्या ट्राइकसोबत चेनचे उरलेले तुकडे आणि जोडकड्या एका पिशवीत घालून द्याव्यात, आणि शक्य असेल तर ती जुळवणी खरेदीदाराच्या देखत, त्याला सीटवर बसवूनच करून द्यावी.